दारात गाई उभ्या आणि आम्ही वर

आमच्या गावात विमान आहे असं सांगितलं की लोक हसतात. लाखांदूरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता. पण आहे. दोन माणसं कशीबशी मावतात एवढं, कापडानं मढवलेलं, पिवळं. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक बारकं, ताटलीएवढं. उभं असलं की कुत्रं बसल्यासारखं दिसते, नाक आभाळाकडे.

विमानवाले साहेब आमच्याच गावचे. मोठ्या विमानांवर नोकरी केली, पेन्शनीत निघाले आणि बापाच्या वावरात परत आले. तळ्याच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून त्यांची एक उंचवट्याची पडीत जमीन होती. तिथे धान कधी झाला नाही. तिची त्यांनी गवताची पट्टी केली. कायकाय परवानग्या आणल्या ते त्यांनाच माहीत. पट्टीच्या एका टोकाला आम्हाला दोन खोल्यांचं घर बांधून दिलं, मला आणि माझ्या डोकरीला, म्हणजे बायकोला. काम एवढंच की गवत राखायचं. फार बारीक कापलं तर पावसात चिखल होते, वाढू दिलं तर चाकाला धरते. घोट्याएवढं ठेवायचं. उंदरांची बिळं बुजवायची. आणि विमान उतरायच्या वेळी पट्टीवर कोणी नको.

हे शेवटचं काम डोकरीचं होतं. या विमानाची गोष्टच अशी आहे की जमिनीवर असताना चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. नाक आडवं येते. साहेब पट्टीवरून जाताना दारू प्यायल्यासारखे डावी-उजवीकडे वळत जातात, ते एवढ्यासाठीच. एकदा या बाजूनं पाहायचं, एकदा त्या बाजूनं. उतरतानाही शेवटचा टप्पा आंधळाच. मग खाली कोणीतरी पाहिजे. इंजिनाचा आवाज तळ्यावर आला की डोकरी चुलीवरचा भात तसाच ठेवून लुगडं खोचत निघायची. बकऱ्या, म्हशी, पोरं, मोहफुलं वाळू घालणाऱ्या बाया, सगळ्यांना शिव्या घालत पट्टी साफ करायची. साहेब म्हणायचे, माझा कंट्रोल टॉवर नऊवारी आहे.

ती दोन खेपा विमानात बसली. मी एकदाही नाही. मी म्हणायचो, ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्यानं ती कायले सोडावी? ती खाली उतरून सांगायला लागायची की तळं वरून असं दिसते, शेताचे धुरे तसे दिसतात. मी म्हणायचो, भात करपला ते सांग.

यंदा धानाची रोपं लावायच्या दिवसांत, रोवण्यात, ती गेली. दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत बायांच्या रांगेत वाकून रोवत होती. खाली बसली ती उठलीच नाही. मला बोलवायला आले तेव्हा तिच्या मुठीत पऱ्ह्याची, रोपांची जुडी तशीच होती. कोणी सोडवून घेतली नव्हती. मी सोडवली.

त्यानंतर पट्टी मी एकटा राखत होतो. दोघांचं काम एकट्यानं होत नाही. घराकडची अर्धी पट्टी कापायचो, तिकडची अर्धी राहिली. साहेब अर्ध्यावरच उतरायला लागले. पलीकडे गवत कमरेला आलं, त्याला कुसळं धरली.

दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गायगोधन असते. गावच्या गाई चारणाऱ्याला आम्ही गायकी म्हणतो. त्या दिवशी तो गाईंना रंग लावतो, गळ्यात घंट्या बांधतो, डफडं वाजवत कळप दारोदार नेतो. घरची बाई सुपात धान घेऊन येते, गाईला ओवाळते, खिचडी खाऊ घालते. गायकीला धान आणि एखादा कपडा देते. एक नेम आहे. गाय दारात आली की घरचं माणूस बाहेर आल्याशिवाय ती हलवायची नाही. गाय रिकामी गेली तर घर रिकामं होते म्हणतात. डोकरी हे सगळं करायची आणि साहेब त्या दिवशी कळप गेल्याशिवाय इंजिनाला हात लावायचे नाहीत.

यंदा मी गायकीला आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या घरी वर्षभर सण नाही, माझ्या दारी येऊ नको. तो माझ्या वयाचा, लहानपणापासूनचा. आम्ही एकमेकांना कधी सरळ बोललो नाही. त्यानं तंबाखू थुंकली आणि निघून गेला. मी समजलो, कळलं याला.

त्या दिवशी दुपारपासून गावात डफडं वाजत होतं. मला घरात बसवेना. साहेबांना ते दिसलं असावं. ते म्हणाले, मामाजी, यंदा कळप इकडे येणार नाही ना, मग चला आज, वैनगंगेपर्यंत जाऊन येऊ. मी नाही म्हणणार होतो. पण तो आवाज मला कानात नको होता. मी पुढच्या सीटवर बसलो. या विमानात चालवणारा मागे बसते, पाहुणा पुढे. पेट्रोलची टाकी माझ्या गुडघ्यांसमोर. टाकीच्या झाकणातून एक तार वर निघते, काचेच्या पलीकडे. साहेबांनी सांगितलं, त्या तारेखाली बुच आहे, ते पेट्रोलवर तरंगते. तार उंच म्हणजे पेट्रोल गंज, भरपूर आहे, तार खाली गेली म्हणजे संपत आलं. त्यांनी कानावर बोलायचे-ऐकायचे डबे चढवले, माझ्याही. उजवीकडचं दार उघडंच ठेवलं. तसंच उडतात ते.

वर गेल्याचं मला काही फार सांगता येत नाही. दोन्ही हातांनी सीट धरून होतो एवढं आठवते. पवनीपर्यंत गेलो, नदी पाहिली, वळलो. ऊन कलायला लागलं होतं. तार अर्धी झाली होती, पण साहेब म्हणाले घरी पोचायला भरपूर आहे. घरी पोचायला होतंच.

तळं दिसलं, पार दिसली, पट्टी दिसली. आणि घराकडच्या अर्ध्या पट्टीवर सगळा कळप उभा होता.

आधी मला वाटलं सावल्या आहेत. साहेब एक बाजू खाली करून वळले तेव्हा शिंगांचे रंग दिसले. माझ्या दारासमोर गायकी आणि त्याची माणसं नाचत होती. बाया होत्या. लेकरं गाईंच्या मधून पळत होती. मी साहेबांना सांगितलं की मी याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, असू द्या, एक फेरी मारू, समजून जातील.

एरवी साहेब पट्टीवरून खाली येऊन गेले की गावाला कळते, आता हटायचं. ते झाडांच्या शेंड्याएवढे खाली आले. सगळ्यांनी वर पाहिलं. आणि सगळ्यांनी हात हलवले. दरवर्षी कळप गेल्यावर साहेब सणाची एक फेरी मारायचे, ते लोकांच्या ध्यानात होतं. त्यांना वाटलं, साहेब यंदा लवकर आले. डफडं वाजवणारा तर वर पाहत गोल फिरला.

"समजले नाहीत," साहेब म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या घराला कडी होती. गायकी दारात येऊन उभा राहिला होता आणि आतून कोणी आलं नव्हतं. कोणी आल्याशिवाय तो गाई हलवणार नव्हता. रात्र झाली तरी नाही. मी त्याला ओळखतो. मी खाली गेल्याशिवाय गाई जाणार नाहीत आणि गाई गेल्याशिवाय मी खाली जाणार नाही.

हे मी साहेबांना सांगितलं. ते खाली इकडेतिकडे उतरायला जागा पाहायला लागले.

दुसरी जागा नव्हती. हलका, लवकर येणारा धान कापून झाला होता, पण त्या बांध्या लहान, दर पन्नास पावलांवर मातीचा धुरा. भारी धान उभा, खाली पाणी. डांबरी रस्त्याला दोन्ही बाजूंनी विजेच्या तारा. नागपूर त्या पेट्रोलमध्ये शक्य नव्हतं. सूर्य पारीवरच्या झाडांना टेकत होता. पट्टीला दिवे नाहीत. मी तारेकडे पाहिलं. ती आता थरथरत होती आणि बोटभर उरली होती.

साहेब म्हणाले, काहीतरी खाली टाका, लोकांचं लक्ष वेधलं पाहिजे, मग हातानं हटा म्हणून खूण करा. टाकायला काय होतं माझ्याजवळ? मी सदरा काढला, त्यात एक चप्पल बांधली. दारातून वारा असा येत होता की गाठ मारायला हात चालेना. साहेबांनी विमान खाली आणलं, मी गठुडं सोडलं आणि दोन्ही हातांनी हटा हटा केलं.

गठुडं गाईंच्या पलीकडे पडलं. गायकीनं धावत जाऊन उचललं. चप्पल सोडून फेकली. सदरा झटकला, डोक्यावर धरला, आणि नाचायला लागला. बाकीचे त्याच्याभोवती नाचायला लागले. गायगोधनाला गायकीला कपडा द्यायचा असतो. मी वरून दिला.

मी त्याला जी शिवी दिली ती साहेबांच्या कानात गेली. ते हसले, पण हसणं लवकर संपलं.

"मामाजी, आता एकच उपाय. मी पूर्ण इंजिन देऊन अगदी डोक्यावरून जातो. गाई भिऊन पळतील."

"कोणीकडे पळतील?"

"कुठेही. पट्टी मोकळी झाल्याशी मतलब."

"साहेब, मधात लेकरं हायेत. गाय भेली का पाहात नाही पायाखाली काय हाये ते. त्या बायाबी हायेत. नका करू."

"मग सांगा तुम्ही काय करू. मला दहा-बारा मिनिटांचं पेट्रोल दिसते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच मला भीती वाटली. माणूस चिडला तर समजावं की त्याच्याजवळ अजून काही आहे.

मी खाली पाहिलं. कापलेली अर्धी पट्टी हिरवी आणि त्यावर गाई. पलीकडची अर्धी पिवळी, वाऱ्यानं लोळत होती. मी म्हणालो, "तिकडच्या गवतात उतरा."

साहेबांनी समजावून सांगितलं. उंच गवत चाकांना धरते. चाकं धरली की शेपटी वर येते आणि विमान नाकावर उलटते. त्यात वारा घराकडून येत होता, म्हणजे उतरायचं तेही घराकडेच तोंड करून. गवतानं धरलं तर उलटू, नाही धरलं तर सरळ कळपात जाऊ, आणि नाक वर असल्यामुळे कळप त्यांना दिसणारही नाही.

"त्या गवतात काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी चार महिने तिथे विळा नेला नव्हता. जे माहीत होतं ते सांगितलं. डाव्या अंगाला पळसाजवळ एक वारूळ आहे, मोठं. उजवीकडे, तळ्याच्या बाजूला, जमीन बरी होती. होती, असंच म्हणालो. पावसानंतरचं मला माहीत नाही हेही सांगितलं.

"ठीक आहे. तळ्याच्या बाजूनं घेतो. तुम्ही दारातून डोकं काढून पुढे पाहा. पळस आला की सांगा. गाई किती लांब आहेत ते सांगत राहा. थांबू नका बोलायचे. आणि मी 'तोंड झाका' म्हणालो की लगेच हात तोंडावर घ्या आणि मान खाली. समोर काच आहे."

आम्ही दूर गेलो, वळलो. सूर्य उजव्या डोळ्यात आला. साहेबांनी इंजिन कमी केलं तसा वाऱ्याचा आवाज मोठा झाला, छपराच्या फटीतून येते तशी शिट्टी. विमान एका बाजूला झुकून तिरपं खाली जायला लागलं. मला वाटलं पडलो. साहेब म्हणाले, मुद्दाम आहे, उंची मोडतो आहे. मी दाराची चौकट धरली आणि डोकं बाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याचं होतं.

पार खालून गेली. मग गवत. वरून मऊ दिसत होतं, जवळ आलं तसं दांडे दिसायला लागले.

"पळस," मी ओरडलो. "डावीकडं हाये. बरोबर चाललो."

"गाई?"

"दूर हायेत. उभ्या हायेत."

"बोलत राहा."

"उभ्या हायेत. एक तांबडी इकडं तोंड करून हाये. लेकरं मागं गेली. गायकी हाये समोर. हलून नाही राहिला, गाढव साला."

गवत पुढच्या पंख्याला लागलं. हजार बाया एकाच वेळी विळा ओढतात तसा आवाज झाला. मग चाकं टेकली आणि विमानाला कोणी कमरेत धरून मागे ओढल्यासारखं झालं, फक्त मी पुढे गेलो. पट्ट्यानं छाती आवळली. नाक खाली गेलं, आणि पहिल्यांदाच मला समोरचं सगळं दिसलं, गाई, घर, कडी लावलेलं दार. म्हणजे शेपटी वर आली होती. साहेब मागे विमान चालवायचा दांडा पोटाशी ओढून धरून होते, ते मी त्यांच्या कण्हण्यावरून ओळखलं.

"तोंड झाका," ते म्हणाले.

मी झाकलं नाही. मी गाई सांगत राहिलो. "जवळ हायेत. जवळ हायेत. थांबा साहेब."

शेपटी धप्पकन खाली बसली. त्याच वेळी डावं चाक कशावर तरी चढलं. वारूळच असावं, नवीन, माझ्या माहितीतलं नव्हे. विमान गर्रकन फिरलं. पळस समोरून गेला, पार गेली. उजवा पंख जमिनीला घासला, काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि आम्ही थांबलो. तोंड ज्या बाजूनं आलो तिकडे. कळप आमच्या पाठीमागे.

पंखा बंद होता. डफडंही बंद होतं. गरम लोखंडाचा टकटक आवाज येत होता आणि कुसळं उडून माझ्या उघड्या अंगाला चिकटत होती.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, उतरा मामाजी, हळू. मी उतरलो आणि गवतातच बसलो. साहेब पंखाकडे गेले, फाटलेल्या कापडावर हात फिरवला, म्हणाले दुरुस्त होईल. वारुळाबद्दल एक शब्द काढला नाही. मी काढला. ते म्हणाले, गवत होतं म्हणून थांबलो, नाही तर त्या तांबडीवर गेलो असतो.

मी गवतातून बाहेर आलो. अंगात सदरा नाही, एक पाय अनवाणी. लोक तोंड उघडं टाकून पाहत होते. गायकी माझा सदरा घालून उभा होता. मी त्याच्या जवळ गेलो. मारायचंच मनात होतं.

"कोठी गेलता बे?" तो म्हणाला. "गाई कवाच्या उभ्या हायेत."

"तुले सांगतलो नोहोतो मी? येऊ नोको मनून?"

"सांगतला ना."

"मंग काहून आला? मेलो असतो आमी. तुये लेकरं मेले असते."

त्यानं विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला आत्ता कळलं होतं. तोंड उतरलं. पण मागे हटायचा त्याचा स्वभाव नाही.

"वयनीनं एवढी वरसं मायी गाय रिकामी नाही धाडली," तो म्हणाला. "ती गेली त मी तिचं दार टाकून जाऊ? तुया सन नोहोता तो. तिचा होता. तुले कोन इचारून राहिलं?"

बाया खाली पाहत होत्या. मी जाऊन कडी काढली.

सूप खुंटीला होतं. त्यात जाळं धरलं होतं, ते पुसलं. धान घेतला. हळद-कुंकू ती कुठे ठेवायची ते मला माहीत नव्हतं. डबे उघडून पाहिले, एकात मिरची, एकात खडेमीठ. खिचडी शिजवलेली नव्हती, सकाळचा भात होता, तोच काढला. बाहेर आलो तर गायकीच्या बायकोनं आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं. मी ते तांबडीच्या कपाळाला लावलं. सूप ओवाळायचं म्हणून फिरवलं. कोणत्या बाजूनं फिरवायचं ते कधी पाहिलंच नव्हतं. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या, पण कोणी टोकलं नाही. तांबडीनं वाट पाहिली नाही. तिनं सुपात तोंड घातलं आणि धान खायला लागली. तिची जीभ माझ्या अंगठ्यावरून गेली, खरखरीत.

तेव्हा मला रडू आलं. रोवण्यापासून आलं नव्हतं. सगळ्या गावासमोर, उघड्या अंगानं, सूप धरून. गायकीनं मान वळवली आणि डफडंवाल्याला वाजव म्हणाला.

कळप निघाला. मी सदरा मागितला तर तो म्हणाला, देल्लेला कपडा वापस मागतेत काय बे. चप्पल मात्र त्यानं शोधून आणून दिली. मग डफडंवाल्याला पुढे घालून स्वतः मागे राहिला, त्याचे दोघं भाऊही राहिले. साहेबांनी सांगितलं तसं आम्ही पाच जणांनी शेपटीला हात लावला, उचलली, आणि विमान उलट्या पायानं गवतातून ओढत आणलं. जड नव्हतं. गवतच सोडत नव्हतं. घरासमोर आणून लावलं तेव्हा अंधार पडला होता, गाई गावात शिरल्या होत्या, आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती.